भंगारात देण्याआधी

मागच्या मे महिन्यात शेजारच्या वहिनी दळणाच्या पिशवीत लॅपटॉप घालून आल्या. टॉवेलात गुंडाळलेला. "भाऊजी, दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क उडालीय. डिस्क, विंडोज, मजुरी धरून साडेसहा हजार, त्यापेक्षा नवाच घ्या म्हणाला. नव्याला पस्तीस-चाळीस हजार. कुठून आणू? आणि हिचे सगळे दाखले यातच आहेत हो." लेक बारावी झालेली, प्रवेशाचे दिवस तोंडावर, आणि स्कॅन करून ठेवलेलं डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, जातपडताळणी सगळं त्या बंद पडलेल्या डबड्यात.

लॅपटॉप आठ वर्षांचा, आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम. बटण दाबलं की पंखा फिरे, कंपनीचं बोधचिन्ह झळके आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ : नो बूटेबल डिव्हाइस. आठवड्याभराने तो पुन्हा वहिनींच्या घरी गेला तेव्हा एकूण खर्च 2,250 रुपये झाला होता : 1,850 ची एसएसडी आणि डिस्क बाहेरून यूएसबीला जोडायची 400 ची एक वायर. वायर अजून माझ्याकडेच आहे, त्यानंतर आणखी चार जणांच्या उपयोगी पडली. हे काम तुम्हीही घरी करू शकता. फक्त पैसे कुठल्या क्रमाने खर्च करायचे ते ठाऊक हवं. बहुतेकांचे पैसे चुकीच्या क्रमाने जातात.

लॅपटॉपमध्ये फिरणाऱ्या वस्तू इनमिन दोन-तीन : पंखा, जुना असेल तर डीव्हीडी ड्राइव्ह, आणि हार्ड डिस्क. लॅपटॉपमधल्या साध्या डिस्कची चकती मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. त्या चकतीवरून वाचणारं टोक तिला न टेकता, हवेच्या थरावर तरंगत फिरतं, आणि मधलं अंतर काही नॅनोमीटर इतकंच. आता हा चालू लॅपटॉप पलंगावरून उचलून उशीवर टाका, किंवा एसटीत मांडीवर घेऊन खड्ड्यांतून जा. ती बिचारी सात-आठ वर्षं टिकली हेच नवल. पण तिच्यासोबत पडदा, कीबोर्ड, प्रोसेसर, रॅम यांतलं काहीही जात नाही. आठ वर्षांत झिजला तो एक भाग, आणि तो सहसा दोन-चार स्क्रूंनी बसवलेला असतो.

खरंच डिस्कच गेली का?

दुकानदारावर अविश्वास दाखवा असं म्हणत नाही, पण फुकटच्या तपासण्या आधी घरी करून घ्या. माझ्याकडे "डिस्क गेली" म्हणून आलेल्या एका लॅपटॉपला फक्त पेनड्राइव्ह लागलेला होता. यंत्र बिचारं त्या पेनड्राइव्हवर विंडोज शोधत होतं. काढला, सुरू झाला. चहा मात्र दोनदा झाला.

दुसरी गंमत मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या सेलची. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये सीआर 2032 नावाचा सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो तो. तो संपला की लॅपटॉप तारीख विसरतो आणि त्याबरोबर सेटिंगही विसरतो. विंडोज एका पद्धतीने टाकलेलं आणि सेटिंग मूळपदावर जाऊन दुसऱ्याच पद्धतीवर, अशी गत झाली की धडधाकट डिस्क असूनही लॅपटॉप ती ओळखत नाही. तारीख भलतीच दिसत असेल तर आधी सेलवर संशय घ्या. तीस-चाळीस रुपयांचं काम.

मग बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बघा. सुरू करताना डेलला एफ-टू, एचपीला एफ-टेन, बाकी बहुतेकांना एफ-टू किंवा डिलीट. तिथे डिस्कचं नाव, क्षमता दिसते का? दिसत असेल तर डिस्क निदान हाकेला ओ देतेय. दिसत नसेल तर ती मेली असेल, किंवा तिला मदरबोर्डशी जोडणारी पातळ पट्टी सैल झाली असेल. या पट्टीला आमच्यात रिबन म्हणतात. काही मॉडेलांत ती डिस्कच्या आधी दगा देते. 2012 च्या तेरा इंची मॅकबुक प्रोमध्ये ही पट्टी जाण्याची तक्रार इतकी सर्रास होती की दुरुस्तीवाले डिस्कआधी पट्टीच बदलून बघत. म्हणून पहिला उपाय : डिस्क काढा (कशी, ते पुढे येतं), टोकं कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पुन्हा नीट बसवा. निम्म्या वेळा काही होत नाही, पण उरलेल्या वेळा दीडदोन हजार वाचतात.

एचपी आणि डेलच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तपासणीची सोय आतच असते. एचपीला सुरू करताना एफ-टू, डेलला एफ-ट्वेल्व्ह दाबून डायग्नोस्टिक्स निवडायचं. डिस्कची चाचणी नापास झाली की जो क्रमांक येतो त्याचा फोटो काढून ठेवा. वॉरंटीत असाल तर तोच तुमचा पुरावा.

आणि कान लावा. डिस्क फिरताना एकसुरी घूं आवाज येतो. त्याऐवजी ठरावीक अंतराने टक्... टक्... टक्... येत असेल तर वाचणारं टोक जागा शोधतंय आणि ती त्याला सापडत नाहीये. तो आवाज ऐकला की लॅपटॉप बंद करा. पुन्हा सुरू करून "बघू या आता चालतोय का" असं करू नका. प्रत्येक वेळी ते टोक चकतीवर ओरखडे ओढत असण्याची शक्यता असते.

आधी दाखले, मग दुरुस्ती

वहिनींची डिस्क टकटक करत नव्हती. तीन-चार महिन्यांपासून लॅपटॉप "लटकत" होता, फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागत, आणि मग एक दिवस बूट व्हायचंच सोडलं. हे संथ मरण. यात बराचसा ऐवज वाचतो, पण त्या डिस्कवर नवं काही लिहिलं नाही तरच. इथेच मोठी चूक होते : घाईघाईने त्याच डिस्कवर "फॉरमॅट मारून" नवं विंडोज टाकतात. विंडोज पडतं, चार दिवस चालतं, पुन्हा बसतं, आणि फोटो-दाखले कायमचे गेलेले असतात.

पैसा न घालता डेटा काढायचा तर एक पेनड्राइव्ह लागतो, 8 जीबीचा चालतो. त्यावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चढवायची. मित्राच्या कंप्युटरवर मिंटच्या अधिकृत साइटवरून तिची फाइल उतरवा आणि रुफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवर आधीचं जे काही असेल ते पुसलं जातं, हे विसरू नका. घरात दुसरा कंप्युटरच नसेल तर अँड्रॉइड फोन, ओटीजी जोड आणि एचड्रॉइड हे मोफत अ‍ॅप यांवरही भागतं. मी करून पाहिलंय. वेळ लागतो, फोन चार्ज ठेवा.

हा पेनड्राइव्ह बंद पडलेल्या लॅपटॉपला लावायचा आणि सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल, लेनोवो, एसरला एफ-ट्वेल्व्ह (एसरमध्ये कधीकधी आधी बायॉसमध्ये जाऊन ती कळ चालू करावी लागते), एसूसला एस्केप, एचपीला एस्केप आणि मग एफ-नाइन. लेनोवोच्या काही आयडियापॅडना कडेला टाचणीएवढं भोक असतं, त्यात टाचणी घातली की हा मेनू येतो. पेनड्राइव्ह निवडला की दोन-तीन मिनिटांत पूर्ण चालता डेस्कटॉप समोर येतो. डिस्कवर काही चढवलेलं नसतं. "इन्स्टॉल" दाबेपर्यंत सगळं रॅममध्ये आणि पेनड्राइव्हवर चालतं.

आता मिंटच्या मेनूत "डिस्क्स" नावाचं साधन उघडा, डावीकडे हार्ड डिस्क निवडा आणि स्मार्ट माहिती बघा. ही डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली वही. खूप ओळी असतात, आपल्याला दोन पुरतात. रीअलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब झालेल्या ज्या जागांच्या बदल्यात डिस्कने राखीव जागा वापरल्या त्यांची संख्या. पेंडिंग सेक्टर म्हणजे ज्या जागा तिला वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय त्या. दोन्हींपुढे शून्य असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, बिघाड विंडोजमध्ये आहे, आणि तुमचा खर्चही शून्य : फक्त नव्याने प्रणाली टाकायची. वहिनींच्या डिस्कवर पेंडिंगचा आकडा हजाराच्या वर होता. त्या डिस्ककडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. विंडोज चालू होत असेल तर हीच माहिती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने दिसते, निळ्या-पिवळ्या-लाल रंगांत. पिवळं दिसलं तरी तिथून पुढे त्या डिस्कवर विसंबू नका.

कॉपी करताना क्रम ठेवा. ज्याच्यावाचून अडेल ते आधी : दाखले, गुणपत्रिका, प्रोजेक्ट. मग घरचे फोटो. सिनेमे आणि डाउनलोड सोडून द्या. मरणाऱ्या डिस्कला किती तास उरलेत ते आपल्याला कुठे ठाऊक? वहिनींच्या लेकीचे दाखल्यांचे फोल्डर आठ मिनिटांत निघाले. फोटोंपाशी डिस्क अडखळायला लागली तेव्हा मी हाताने कॉपी थांबवली आणि डीडी-रेस्क्यू हा प्रोग्रॅम लावला. अडलं की साधी कॉपी तिथेच डोकं आपटत बसते. डीडी-रेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे परततो. कुठवर आलो याची नोंद तो एका फाइलीत ठेवतो, त्यामुळे वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तो अख्ख्या डिस्कची नक्कल काढतो, म्हणून तितकीच किंवा मोठी दुसरी डिस्क लागते. माझ्याकडे जुनी होती. रात्रभर चालला. सकाळी पाहिलं तर सात-आठ फोटो अर्धे करडे निघाले, बाकी सगळे आले.

टकटक करणाऱ्या डिस्कवर यातलं काही करू नका. त्यावर खरंच मोलाचं काही असेल तर बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. खर्च हजारोंत जातो, म्हणून डेटाची किंमत आधी स्वतःशी ठरवा. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवली की चालते हा जुना तोडगा अजून फिरतोय. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलासुरला जीवही जातो. डिस्कचं झाकण उघडून "आत बघणं" हाही तसलाच प्रकार. जिथे काही नॅनोमीटरचं अंतर आहे तिथे धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात पडलेली दरड.

विंडोज 11 चे लॅपटॉप असतील तर एक अडचण आणखी येऊ शकते. त्यांची डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद केलेली असते, बिटलॉकर म्हणतात तसली. ते उघडायला 48 आकडी किल्ली लागते, आणि ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर तो शोधण्याची वेळ आज आहे, लॅपटॉप बंद पडेल त्या दिवशी नाही.

खिशात काहीच नसेल तर

असे दिवस असतात. महिन्याचा पंचविसावा, आणि लेकराचा ऑनलाइन फॉर्म उद्या. तेव्हा डिस्कशिवायच लॅपटॉप चालवा. मेलेली डिस्क काढून टाका (नाहीतर सुरू होताना ती यंत्राला दर वेळी ताटकळत ठेवते) आणि पेनड्राइव्हवरून काम करा. यासाठी मिंटपेक्षा पपी लिनक्स बरं. ते काही शे एमबींचं आहे, सुरू होताना अख्खं रॅममध्ये जाऊन बसतं आणि तुमच्या फाइली पेनड्राइव्हवरच्या एका राखीव फाइलीत साठवतं. म्हणून 2 जीबी रॅमवरही ते तुरुतुरु पळतं. दिसायला जुनाट आहे, पण ब्राउझर चालतो, पीडीएफ उघडते, फॉर्म भरला जातो. साध्या पेनड्राइव्हवर महिनोन्महिने काम करू नका. तो त्यासाठी बनलेला नाही आणि सांगून जात नाही.

दुसरी फुकट वाट आपल्या प्रत्येकाच्या घरात असते : माळ्यावरचा दुसरा मेलेला लॅपटॉप. एकाचा पडदा फुटलेला, दुसऱ्याची डिस्क गेलेली. दोघांत मिळून एक उभा राहतो. 2008 नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमधली डिस्क अडीच इंची साटा जातीची, म्हणजे एकाची दुसऱ्याला चालते. बसवण्याआधी तिचीही स्मार्ट वही वाचा.

बाजारात काय मागायचं

पैसे थोडे असतील आणि एकच वस्तू घ्यायची असेल तर एसएसडी घ्या. नवी फिरती हार्ड डिस्क घेऊ नका, दुकानदार 500 जीबी आणि 1 टीबीचं आमिष दाखवेल तरीही. एसएसडीत फिरणारं काही नसतं, धक्क्याचं भय उरत नाही, आणि आठ वर्षांच्या लॅपटॉपला ती घातली की तो आधी कधी नव्हता इतका चपळ होतो. वहिनींचा लॅपटॉप पूर्वी सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा, आता अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतो. लिनक्स टाकणार असाल तर 120-128 जीबी पुरते, विंडोज असेल तर 240-256 जीबी. त्याहून मोठीची गरज बहुतेक विद्यार्थ्यांना नसते. फोटो-सिनेमे ठेवायला बाहेरची डिस्क आहेच.

भावाचा आकडा मी छातीठोक सांगणार नाही. मेमरी चिपचे भाव जगभर वर-खाली होतात आणि एसएसडी त्यांच्यामागे फरपटत जाते. खरेदीच्या दिवशी दोन ठिकाणी विचारा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, एक चक्कर मारा. तालुक्याच्या गावी असाल तर ऑनलाइन भाव फोनवर उघडा ठेवून मगच दुकानात बोला.

दुकानात जाण्याआधी जुनी डिस्क काढून तिचा फोटो घ्या. जाती तीन-चार आहेत आणि एकीची दुसरीला चालत नाही. पत्त्यांच्या कॅटएवढी चपटी पेटी, कडेला इंग्रजी एल आकाराची दोन चपटी टोकं, ती अडीच इंची साटा. जुना लॅपटॉप असेल तर नव्वद टक्के हीच. टोकांऐवजी सुयांच्या दोन रांगा असतील तर ती आणखी जुनी, आयडीई जातीची. त्या लॅपटॉपवर पैसे घालू नका. च्युइंगगमच्या पट्टीसारखी उघडी चिप असेल तर ती एम-टू. त्यातही दोन प्रकार : टोकाला दोन खाचा असतील तर सहसा साटा, एकच असेल तर सहसा एनव्हीएमई. फक्त साटा ओळखणाऱ्या खोबणीत एनव्हीएमई चालत नाही, म्हणून मॉडेल क्रमांक टाकून खात्री करा. काही स्वस्तातल्या पातळ लॅपटॉपमध्ये 32 किंवा 64 जीबीची साठवण मदरबोर्डलाच डकवलेली असते. ती गेली तर बदलता येत नाही. मग पेनड्राइव्ह, किंवा यूएसबीला जोडलेली एसएसडी, एवढंच हाती उरतं.

आणि स्वस्तातल्या सापळ्यांपासून जपा. नऊशे रुपयांत दोन टीबी अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. त्या पेटीत छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि खोटी क्षमता दाखवण्याची चलाखी केलेली असते. सेकंडहँड एसएसडी घेतली तर किती तास चाललीय आणि आयुष्य किती टक्के उरलंय ते स्मार्ट वहीत वाचा. क्षमतेविषयी शंका असेल तर विंडोजवर एचटू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्सवर एफ-थ्री : दोन्ही मोफत, पूर्ण भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतात.

मिसळणाचा डबा

उघडण्याचं काम जेवणाच्या टेबलावर करा, दुपारी, उजेडात. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आत असेल तर पाठ उघडल्यावर सर्वांत आधी तिची जोड सोडवा. मग बटण दहा सेकंद दाबून धरा, राहिलासाहिला विद्युतभार निघून जातो. थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगावर नायलॉनचा स्वेटर नको. आतलं काही हाताळण्याआधी नळाला किंवा खिडकीच्या उघड्या लोखंडाला हात लावा.

स्क्रू ठेवायला मी आईचा जुना मिसळणाचा डबा वापरतो. सात वाट्या. मागच्या कडेचे एका वाटीत, पुढच्या कडेचे दुसरीत, डिस्कच्या चौकटीचे तिसरीत. हा खटाटोप करायला मला एका अपघाताने शिकवलं. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळे स्क्रू एकाच ताटलीत टाकले, परत लावताना एक लांब स्क्रू आखूड भोकात गेला, आणि पिळता पिळता मनगट टेकायच्या जागी प्लास्टिकला टेंगूळ आलं. ते टेंगूळ अजून आहे. लॅपटॉप चुलत्यांचा होता, ते अजून दाखवतात.

बऱ्याच जुन्या लॅपटॉपना पाठीवर डिस्कचं वेगळं झाकण असतं. एक-दोन स्क्रू, झाकण बाजूला, डिस्क सरकवली की हातात. तसं नसेल तर अख्खी पाठ उघडावी लागते. लपलेले स्क्रू रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या आत असतात. सगळे काढूनही पाठ निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा राहिलाय. कडेच्या खिट्ट्या सोडवायला जुनं एटीएम कार्ड पुरतं. सुरी-स्क्रूड्रायव्हर घालाल तर कड कातरली जाईल. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून यूट्यूबवर एक व्हिडिओ आधी शेवटपर्यंत बघा. दहा मिनिटं जातात, तास वाचतो.

डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत असते. चौकट आणि टोकाचा छोटा जोड काढून नव्या एसएसडीला लावा, ते दुकानात सहज मिळत नाहीत. एसएसडी 7 मिलिमीटर जाडीची, जुनी डिस्क बहुधा साडेनऊची, त्यामुळे थोडी हलेल. जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी खाली घातली की बसते. माझ्या एका लॅपटॉपात लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सहा वर्षं आहे.

त्यावर काय टाकायचं

विंडोजवाचून अडतं का, हे आधी प्रामाणिकपणे ठरवा. टॅली, श्रीलिपीतलं डीटीपी, ऑटोकॅड, किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून सरकारी साइटवर काम असेल तर विंडोजच टाका, लिनक्सवर डोकेफोड होईल. विंडोज 8 पासून पुढचं यंत्र मूळ विंडोजसह घेतलं असेल तर परवान्याची किल्ली सहसा मदरबोर्डमध्येच असते. डिस्क बदलली तरी त्याच आवृत्तीचं विंडोज पुन्हा टाकलं की ते स्वतःहून चालू होतं. म्हणजे "नव्या विंडोजचे दीड हजार वेगळे" असं कोणी म्हणालं तर त्याला नमस्कार करा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ते पेनड्राइव्हवर फुकट उतरवता येतं. चोरीचं विंडोज मात्र घालून घेऊ नका, त्यासोबत काय काय येतं ते ज्याने टाकलं त्यालाही ठाऊक नसतं.

अडचण अशी की विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. वहिनींचा लॅपटॉप त्यात बसत नव्हता. लेकीला ब्राउझर, पीडीएफ, लिहायला काहीतरी आणि ऑनलाइन वर्ग एवढंच हवं होतं. मी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. 4 जीबीवर ती हलकी चालते, आणि मिंट 22 ला 2029 पर्यंत सुधारणा मिळत राहणार आहेत. मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो. लेकीने पहिले दोन दिवस नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी स्टार्ट मेनू कुठे आहे ते विचारणं थांबलं. सी-डॅकची बॉस ही डेबियनवर उभी केलेली भारतीय प्रणाली, तीही मराठीत चालते, पण नवख्याने अडलं तर विचारायला मिंटचे लोक जास्त आहेत, म्हणून मी मिंट सांगतो.

रॅम 2 जीबीच असेल तर एसएसडीच्या आधी रॅमचा विचार करा. आजचा ब्राउझर एकटाच तेवढी खातो. जुन्या रॅमच्या पट्ट्या सेकंडहँड स्वस्तात मिळतात, पण घेताना डीडीआर-थ्री की डीडीआर-थ्री-एल हे जुन्या पट्टीवर वाचूनच जा. ज्या लॅपटॉपला कमी व्होल्टेजची एल लागते तिथे साधी चालत नाही. आणि ज्यात प्रोसेसरच 32 बिटचा आहे, बॅटरी फुगलीय, बिजागरी तुटलीय, त्याच्यावर एक रुपयाही घालू नये असं माझं मत आहे. फुगलेल्या बॅटरीचा तर लगेच निकाल लावा. टोचू नका, भंगारातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

काढलेली डिस्क फेकण्याआधी तिच्यावरचं वाचता येणार नाही असं करा, कारण मेलेली डिस्कही पूर्ण मेलेली नसते. हातोडी मारणार असाल तर डोळ्यांना चष्मा लावा आणि डिस्क जुन्या पायजम्यात गुंडाळा. अडीच इंची डिस्कच्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, ठिकऱ्या उडतात. आतले दोन लोहचुंबक मात्र ठेवा, फार जोरकस असतात. फक्त बोट त्यांच्या मधे येऊ देऊ नका.

शाळा-कॉलेजं जूनमध्ये उघडतात आणि मे महिन्यात दुरुस्तीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. माळ्यावर असा एखादा लॅपटॉप असेल तर तो एप्रिलमध्येच खाली काढा.